रविवारी उभी असणारी गाडी

नगरच्या जकात नाक्यावर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकं, वर पत्रा आणि उकळून उकळून काळा झालेला चहा. पण जिल्ह्यातली कुठली मोटार कंपनी कशी आहे हे तिथं जेवढं कळायचं तेवढं दुसरीकडे कुठंच कळायचं नाही. कोण भत्ता बुडवतो, कोण फाटलेल्या टायरचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापतो, कुणाच्या गाडीला ब्रेक आहेत आणि कुणाच्या गाडीला फक्त ब्रेकचं पायडल आहे, सगळं त्या बाकांवर निघायचं. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. फौजेच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या होत्या आणि ज्याच्या गाठीला चार पैसे होते तो मोटार कंपनीचा मालक झाला होता. फौजेत गाडी शिकून परत आलेले आमच्यासारखे तर ढिगानं होते.

मी गाडी चांगली चालवायचो. हे दुसरं कुणी सांगावं म्हणून मी कधी थांबलो नाही. त्या बाकावर माझं मत विचारलं जायचं आणि नाही विचारलं तरी मी द्यायचो. कोणत्या शेठकडं जावं, कुणाच्या वाऱ्याला उभं राहू नये, नव्या माणसानं पहिल्या दिवशी गाडीखाली झोपून काय काय बघावं, हे मी असं सांगायचो की हॉटेलवाल्यानं एकदा वैतागून म्हटलं, "अहो, तुम्हीच एक कंपनी काढा आणि आम्हाला मोकळं करा."

माझी गाडी नगर-पुणे रस्त्यावर चालायची. आमचं गाव त्याच रस्त्यावर, सुप्याच्या अलीकडे. जाता-येता गाडी घरासमोर थांबायची, आई दारात गरम भाकरी आणि कालवण घेऊन उभी, पंधरा मिनिटांत जेवण आणि पुढं चालू. शेठ पगारही बरा द्यायचा. एकच वाईट खोड, त्याला रविवार नावाचा वार ठाऊक नव्हता. पुण्याचा माल रविवारी सकाळी नगरहून निघायचाच. आम्ही ख्रिस्ती, आणि आमच्या गावातून जाताना बरोबर चर्चच्या उपासनेची वेळ असायची. मंडळीचं गाणं चालू असायचं आणि मी बाहेरून धूळ उडवत जायचो. लहानपणापासून ज्या चटईवर बसलो तिथं माझी जागा रिकामी असायची, आणि मला त्याचं फारसं काही वाटायचं नाही, हेही खरं सांगतो.

वाटायला लागलं ते लग्न ठरल्यावर.

मुलगी आमच्या मिशनच्या शाळेत शिकवायची. तिचे वडील त्याच शाळेचे हेडमास्तर, सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. मुलीचा होकार मला आधीच मिळाला होता, म्हणजे मी विचारलं आणि ती म्हणाली, "बाबांना विचारा, माझं काय अडलंय." यापेक्षा जास्त होकार त्या काळात मिळत नसे. मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी पगार विचारला नाही, जमीन विचारली नाही. त्यांनी विचारलं, "घरी कधी असता?"

मी म्हटलं, "रोज असतो की. रोज घरी जेवतो."

"पंधरा मिनिटं," मास्तर म्हणाले. "मी बघतो ना खिडकीतून. मोटारवाल्याला मुलगी देणं म्हणजे पाहुण्याला देणं. पाहुण्याला मी जेवायला घालीन, मुलगी कशी देऊ?"

मग त्यांनी अट घातली. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार लागोपाठ मंडळीपुढे लग्नाची सूचना वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. त्या वेळी नवरदेव हजर असलाच पाहिजे असं काही नाही, पण मास्तर म्हणाले, "तिन्ही रविवारी तुम्ही मला मंडळीत बसलेले दिसले पाहिजेत. आणि तिसऱ्या रविवारनंतरही दिसत राहाल असं तुम्ही मला सांगितलं पाहिजे. एक रविवार जरी चुकला तरी मी पाळकसाहेबांना सूचना मागे घ्यायला सांगीन." मास्तर एकदा बोलले की बोलले. त्यांनी एका गणितासाठी स्वतःच्या मुलाला नापास केलेलं मी पाहिलं होतं.

पहिल्या रविवारी मी शेठकडून सुट्टी मागून घेतली. ती देताना शेठनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी मंडळीत बसलो, सूचना वाचली गेली, कुणाचीच हरकत नव्हती. ती पुढं पेटी वाजवत होती, तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. सोमवारी शेठ म्हणाला, "आता पुढचा रविवार मागशील तर हँडल इथं टेबलावर ठेव आणि चालू लाग." माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी मी गाडी फिरवून सुरू करायचं ते लोखंडी हँडल ठेवलं नाही, आधी नाक्यावर जाऊन बसलो. एवढी अक्कल मला होती.

तिथं खर्ड्याचा एक ड्रायव्हर बसला होता. कुणब्याचा पोरगा, अंगानं आडवा, बोलायला सावकाश. तो नगर-जामखेड-खर्डा रस्त्यावर दुसऱ्या एका शेठची गाडी चालवायचा. बोलता बोलता मी म्हटलं, "तुमच्याकडं रविवारचं कसं असतं?"

"रविवारी आमची गाडी हालत न्हाई," तो म्हणाला. "शनवारी माल उतरला की गाडी उभी. रविवारभर मी घरी. सकाळी आंघुळ, दुपारी झोप, सांजच्याला पोराला घिऊन शेतात. सोमवारी मग माल भरायचा."

माझा चहा हातातच राहिला. "रविवारी? दर रविवारी?"

"दर रविवारी. आजवर एक चुकला न्हाई."

मग त्यानं माझ्याकडचं विचारलं. मी सांगितलं, पगार तुझ्यापेक्षा दहा रुपये जास्त, आणि रोज घरची गरम भाकरी. त्याचेही डोळे मोठे झाले. म्हणाला, "रोज? मला आठवड्यातलं पाच दीस खानावळीचं खावं लागतं. पोटाचं वाटोळं झालंय."

"रोज," मी म्हटलं. "आजवर एक दिवस चुकला नाही."

आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी आजही शपथेवर सांगीन. आणि तरी आम्ही दोघं असे मूर्ख ठरलो की नाक्यावरचं हॉटेल पुढं कित्येक महिने आमच्यावर हसत होतं. त्या आठवड्यात मी टेबलावर हँडल ठेवलं आणि खर्ड्याच्या गाडीवर गेलो. तो माझ्या जागी पुण्याच्या गाडीवर लागला. आम्ही एकमेकांना गाड्यांच्या खोडी सांगितल्या, माझी थंडीत चोक ओढल्याशिवाय उठत नाही, त्याची उतारावर डावीकडे ओढते. एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. जाताना तो म्हणाला, "तुमचं उपकार झालं." मी म्हटलं, "उपकार कसले, तूच माझं लग्न लावलंस."

आणि मी मास्तरांकडे गेलो. छाती काढून सांगितलं, "आता प्रत्येक रविवार माझा. कंपनीच बदलली." मास्तरांनी पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची दिली. आतून ती चहा घेऊन आली आणि कप ठेवताना म्हणाली, "कंपनी बदलली? नीट विचारलंत ना?" मी हसलो. मला विचारते! अख्खा नाका मला विचारतो.

शनिवारी सकाळी घासलेटचे डबे आणि कापडाचे गठ्ठे भरून मी निघालो. मध्ये निजामाचा मुलुख लागायचा, तिथं करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर शिपाई एकेक गठ्ठा खाली उतरवून झडती घ्यायचे, त्यात तास गेला. जामखेड ओलांडून दुपारी खर्ड्याला पोचलो. किल्ल्याच्या बाजूला व्यापाऱ्याचं गोदाम होतं, तिथं माल उतरवला. हमालांचा मुकादम निघून जायला लागला तेव्हा मी म्हटलं, "परतीचा माल?"

"सोमवारी," तो म्हणाला.

"मग रिकामी गाडी नेऊ?"

"रिकामी कशी न्याल? पेट्रोल काय आभाळातून पडतंय? गाडी हितंच उभी ऱ्हायची. दर रविवारी हितंच असती की."

मी गाडीच्या पायरीवर मटकन बसलो. रविवारी गाडी हलत नव्हती, खरंच हलत नव्हती. ती खर्ड्याला उभी असायची, माझ्या मंडळीपासून ऐंशी-पंच्याऐंशी मैलांवर. खर्ड्याच्या माणसाला रविवार मिळायचा, कारण गाडी त्याच्याच दारात उभी असायची. आणि मी, नाक्यावरचा शहाणा, भत्ता विचारला, टायर विचारले, ब्रेक विचारले, पण गाडी रविवारी कुठं उभी असते ते विचारलं नाही. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी असं वाटलं. तेवढ्यात मनात आलं, तो बिचारा पुण्याच्या रस्त्यावर माझ्या आईची भाकरी शोधत असेल, आणि मला हसूही आलं. पण हसू लवकर मावळलं. उद्या दुसरा रविवार होता.

गाव लहान. त्याच्या घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. त्याची आईच गोदामापाशी आली, उंच, काळी, कमरेवर हात.

"तुमीच का ते पुण्याच्या गाडीवालं?"

"हो, आजी."

"रोज घरची भाकरी खानारं?"

मी पायरीवरून उठून उभा राहिलो.

"आमचा पोरगा चांगला आठ दिवसाला दारात येत हुता. त्याला काय सांगितलं तुमी? आता निरोप आलाय, पुन्याला गाडीतच झोपतो म्हनून. सून रडती घरात. आन् तुमी हितं आमच्या दारात येऊन ऱ्हायला!"

"आजी, मी खोटं नाही बोललो. भाकरी मिळते रोज, पण ती माझ्या घरची."

"मंग त्याला त्ये सांगायला काय तोंड दुखत हुतं?"

मी तिला माझी अडचण सांगितली, उद्या सकाळी गावी पोचलो नाही तर लग्न मोडतं. तिनं माझ्याकडे बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "येडी हायसा दोघं बी. चला, आधी चार घास खा, मंग बघू." जेवताना तिनंच कुणाला तरी हाक मारून विचारलं, आणि कडबा घेऊन रात्रीच नगरला निघालेल्या एका मालमोटारीवर मला चढवून दिलं. मी कडब्यावर बसून नगरला आलो. सकाळी पुण्याकडे जाणारी सर्व्हिस मोटार धरली आणि गावात उतरलो तेव्हा पाळकांचं प्रवचन संपत आलं होतं. मी मागच्या रांगेत बसलो. केसांत कडबा होता, शर्ट दोन दिवसांचा. सूचना वाचली गेली. बाहेर पडताना मास्तर म्हणाले, "उशीर झाला?"

"गॅरेजात काम होतं," मी म्हटलं.

हे मात्र खोटं होतं. आणि गंमत म्हणजे ते इतकं सहज निघालं की माझं मलाच वाईट वाटलं. ती बाजूलाच उभी होती. तिनं माझ्या खांद्यावरचं कडब्याचं एक पान काढलं, बघितलं आणि खाली टाकलं. मी तसाच सोमवारच्या मालासाठी खर्ड्याला परत निघालो.

त्या आठवड्यात नाक्यावर खर्ड्याचा ड्रायव्हर भेटला. त्याचा चेहरा उतरलेला, डोळे लाल. मला बघताच उठला. मला वाटलं, आता हा हात उचलणार. तो म्हणाला, "तुमच्या आईनं मला दोनदा भाकरी दिली. लई गुणाची म्हातारी. पन मला माझी म्हातारी पायजे."

"तुझ्या म्हातारीनं मला शिव्या दिल्या आणि जेवायलाही घातलं," मी म्हटलं. आणि आम्ही दोघं असे हसलो की हॉटेलवाला चुलीवरची किटली सोडून बघायला आला. मग सगळ्या बाकांना कळलं आणि आमची पुरती अब्रू गेली. मी काही चिडलो नाही. चूक केली ती केली, पण अशी चूक करायला आधी दोन चांगले ड्रायव्हर लागतात, एवढंच मी त्यांना सांगितलं.

आम्ही दोघं दोन्ही शेठांकडे जाऊन आलो. जुना शेठ म्हणाला, "गेलास तो गेलास." नवा म्हणाला, "महिना तरी काढ, मग बघू." मला महिना कुठला, तीन दिवस होते.

तेव्हा आम्ही जे केलं ते सांगतो. शनिवारी सकाळी खर्ड्याची गाडी भरून तयार झाली, तर मी त्याच्या हातात हँडल दिलं. तो चढला आणि आपल्या घराकडं निघून गेला. मी पुण्याच्या गाडीकडं गेलो. तिथं माल भरत होते. शेठच्या दिवाणजींनी चष्मा वर करून मला पाहिलं, चष्मा खाली केला आणि म्हणाले, "मला काही दिसत नाही. माल वेळेवर पोचला म्हणजे झालं." माल वेळेवरच पोचला, दोन्हीकडचा. सोमवारी दोन्ही शेठांची बोलणी आम्ही उभ्यानं खाल्ली आणि दोघांचीही नोकरी आपापल्या जुन्या गाडीवर पक्की झाली. जिथं होतो तिथंच परत. शेठ माझ्याकडे बघून म्हणाला होता, "रविवार मात्र मागायचा नाही." आणि मी मागणार नव्हतो, कारण मिळणार नव्हता हे मला माहीत होतं.

पण ते सोमवारचं. रविवारी सकाळी मी मालानं भरलेली गाडी आमच्या गावात, उपासना चालते त्या दगडी इमारतीसमोर, कडुनिंबाखाली लावली आणि आत जाऊन बसलो. वेळेवर. तिसरा रविवार. मास्तरांनी मला पाहिलं आणि मान हलवली. त्यांच्या तोंडावर समाधान होतं. ते समाधान बघितलं आणि मला बसवेना. गाणं झालं, प्रवचन झालं, मला एक शब्द ऐकू आला असेल तर शपथ. या माणसाला मी सांगितलंय की प्रत्येक रविवार माझा. पुढचा रविवार माझा नाही. त्यापुढचा नाही. आज जो मी बसलोय तोही दुसऱ्याच्या जागी, चोरून, आणि बाहेर पुण्याच्या व्यापाऱ्याचा माल उन्हात तापतोय.

पाळकांनी सूचना वाचली. माझं नाव, तिचं नाव. मग नेहमीप्रमाणे म्हणाले, या विवाहाला कुणाची काही हरकत असेल तर आता सांगावी.

मी उभा राहिलो.

सगळी मंडळी वळली. नवरदेवच हरकत घ्यायला उभा राहिलेला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पाळकांच्या हातातला कागद खाली आला. मी म्हटलं, "पाळकसाहेब, मी मास्तरांना सांगितलं की मला प्रत्येक रविवारी सुट्टी आहे. ती नाही. आजही नाही. बाहेर माझी गाडी उभी आहे आणि मला पुण्याला जायचंय. मागच्या रविवारी गॅरेजात काम होतं म्हणालो, तेही खोटं. मी खर्ड्याहून कडब्यावर बसून आलो होतो. घरी मी रोज येईन, पण पंधरा मिनिटं. जास्त कधी मिळेल ते मला ठाऊक नाही. मास्तरांना हे चालणार नसेल तर सूचना मागे घ्या." एवढं एका दमात बोललो.

मास्तर उठले. त्यांनी चष्मा काढला, पुसायला लागले आणि पुसतच राहिले. मला वाटलं, संपलं. खरं बोललो आणि सगळं घालवून बसलो, आता आईला काय सांगू.

तेव्हा पेटीच्या मागून ती उभी राहिली. मंडळीत बायकांनी उभं राहून बोलायची पद्धत नव्हती. तिनं वडिलांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "पुढचं लवकर वाचा. त्यांना पुण्याला जायचंय."

पाळकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खाली बसले. पाळकांनी उरलेलं वाचलं, भराभर, आणि आशीर्वाद दिला. मी बाहेर पडलो, हँडल मारलं आणि गाडी रस्त्यावर काढली. शिरूर येईपर्यंत मला रस्ता नीट दिसत नव्हता. डोळे पुसत पुसत गाडी हाकली, आणि त्या दिवशीचा मालही पुण्यात वेळेवर पोचवला.